जोडाखालचा कागद

काम संपलं की नळकाका लगेच हात धूत नसत. जोड आवळायचा, पाणी सोडायचं, आणि जोडाच्या बरोबर खाली जुन्या वर्तमानपत्राचं एक पान पसरायचं. मग तिथेच पालथ्या बादलीवर बसून राहायचं. घरातलं कोणीतरी विचारायचंच, "झालं ना काका? आता कशाची वाट बघताय?" ते म्हणायचे, "कागदाची." चहा आला तर घ्यायचे, नाही आला तरी बसायचे. पान कोरडं राहिलं की त्याची घडी घालून पिशवीत टाकायचे आणि निघायचे. फडक्यानं पुसलेला जोड थोडा वेळ खोटं बोलू शकतो, कागद बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची मुलगी लहान असताना तिनं एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्हाला लोक शाबासकी देतात का. त्यावर त्यांनी सांगितलं होतं, "नळाबद्दल कोणी काही बोललं, की समजायचं तो बिघडलाय. आपला जोड चांगला असेल तर त्याचं कोणी नावही काढत नाही." मुलीला हे उत्तर फार काही आवडलं नव्हतं. तिच्या मैत्रिणीचे वडील बेकरीत होते, आणि त्यांना लोक रोज काहीतरी बोलायचे.

लोक त्यांना नळकाका म्हणत, घरी बायको अहो म्हणे. बायको पडदे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीला टेकून उभ्या केलेल्या पडद्यांच्या दांड्या. शिवलेले पडदे ती स्वतः गाडीतून घेऊन जायची आणि स्वतःच लावून यायची. गाडी फिकट निळी, दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या, मागची एक काच फक्त हातानं ओढून वर येणारी. तिचं नाव म्हातारी. काका गाडी चालवत नसत. तरुणपणी एकदा शिकायला बसले होते, पण क्लचशी त्यांचं जमलं नाही. "मला वाहतं पाणी कळतं, चालती गाडी नाही," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. त्यांनी कुठेही जायचं ते बायकोशेजारी बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सतत नाही, एखादी बारीक वस्तू नेमकी धरायची वेळ आली की. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दगदग करू नका म्हणून सांगितलं. त्याच सुमारास एका ओळखीच्या घरी त्यांनी लावलेला नळ आतून पाझरला. कागद कोरडा होता, ते निघाले तेव्हा तर नक्कीच होता. पण ओट्याखालचं कपाट आठवड्याभरात फुगलं, त्याचं दार लागेना. त्या घरच्या बाई काही वेडंवाकडं बोलल्या नाहीत, आणि तेच काकांना लागलं. त्यानंतर त्यांनी हळूहळू कामं घेणं बंद केलं. हत्यारांची पिशवी जिन्याखाली गेली. सकाळी ते वर्तमानपत्र वाचत आणि दुपारी तेच पुन्हा वाचत.

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, प्रयोगशाळेत कामाला होती. एकदा काका तिच्याकडे हात धुवायला गेले तर बेसिनला नवा नळ. कोणीतरी परका माणूस लावून गेला होता. आट्यांवर गुंडाळलेली पांढरी टेप जास्त झाली होती, तिचं टोक दोऱ्यासारखं बाहेर लोंबत होतं. काकांनी ते टोक नखानं तोडलं, खिशात घातलं आणि हात पुसून बाहेर येऊन बसले. 

म्हातारीचं दुखणं एका शुक्रवारी उघड झालं. घरापासून चौकापर्यंत उताराचा रस्ता आहे. बायको रिकामी गाडी घेऊन खाली चालली होती. ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली गादीत रुतावं तसं खाली गेलं. तिनं हँडब्रेक ओढला, गाडी फुटपाथला घासून उभी राहिली. मग पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं, ती गाडी परत वर घेऊन आली आणि फाटकाच्या आत लावून घरात येऊन पाणी प्यायली. काय झालं ते तिनं पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं.

काका गाडीखाली उताणे झाले. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची बारीक नळी लोखंडाची होती. तिच्यावर गंजाचे पापुद्रे आले होते, आणि एका ठिकाणी तेलाचा थेंब धरला होता. त्यांनी बोट लावलं, थेंब पडला, आणि मागोमाग दुसरा धरला. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बायकोनं वाकून पाहिलं तर ते नळीकडे बघत नुसते पडून होते. त्यांना काही झालं नव्हतं.

"नळीच आहे," ते खालून म्हणाले.

संध्याकाळी मुलगी आली. तिला हे कळल्यावर ती म्हणाली की गाडी टोचन लावून चौकातल्या गॅरेजमध्ये न्या, आत्ताच फोन करते. काका म्हणाले की नळी गेलीय, नळी घालायची, त्यात गॅरेज कशाला. मुलगी त्यांच्या हाताकडे न बघण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "बाबा, हा ब्रेक आहे. बेसिनचा नळ नाही."

बेसिन म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं.  काका टेबलावरच्या टाचण्या एका ओळीत लावत राहिले.

बायको पडद्याला चुण्या घालत होती. मशीन थांबवून तिनं एवढंच सांगितलं की सोमवारी दातांच्या दवाखान्यात पडदे लावायचे आहेत, तोवर गाडी लागत नाही. मशीन पुन्हा सुरू झालं. मुलीनं आईकडे पाहिलं. आई सुईकडे बघत होती. तो दवाखाना चौकाच्या पलीकडे होता आणि चौकात उतारानंच जावं लागायचं, हे तिघांनाही माहीत होतं. त्या उतारावर काकांच्या नळीवर पाय ठेवून जायचं की नाही, हे आईनं एकटीनं ठरवायचं होतं, आणि तिनं अजून ठरवलं नव्हतं.

शनिवारी बायको पायी जाऊन सुट्या भागांच्या दुकानातून तांब्याच्या मिश्रधातूची नळी, नवे नट, ब्रेकचं तेल आणि नळीचं तोंड घडवायचं हत्यार भाड्यानं घेऊन आली. दुकानदारानं तोंड कसं घडवायचं ते दाखवलं: नळीचं टोक शिकंज्यात धरायचं, आधी बाहेर फुगवायचं, मग तेच आत दुमडायचं, म्हणजे कडेला दुहेरी जाडी येते. तिनं ते जसंच्या तसं घरी सांगितलं. काका म्हणाले, कळलं, कापडाची कड दुमडून हेम घालतात तसं. ती म्हणाली, हो, तसंच.

जिन्याखालची पिशवी बाहेर आली. काकांनी गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले, चाकांना दगड लावले, आणि स्टँड नीट बसलेत की नाही हे गाडीला ढकलून पाहिलं. जुना नट गंजानं धरून बसला होता. त्यावर तेल सोडून ते आत येऊन जेवले, आराम केला, मग पुन्हा गेले. नट तरी हलेना, तेव्हा त्यांनी नळीच कापली आणि नटावर बंद तोंडाचा पाना बसवून हळूच झटका दिला. नट सुटला तेव्हा त्याचा आवाज बायकोला मशीनवर ऐकू आला.

जुनी नळी अंगणात सरळ ठेवून तिच्या शेजारी त्यांनी नवी नळी तशीच वाकवली. हे काम त्यांच्या हातात होतं. नळी चपटी न करता वळवायची, वळण मोठं ठेवायचं, हात थरथरतो तेव्हा मनगट गुडघ्याला टेकवायचं. प्रत्येक टोकाचं तोंड घडवण्याआधी त्यांनी नट नळीत ओवला. पूर्वी हाताखाली येणाऱ्या पोरांना ते सांगत असत, आधी नट, मग तोंड, नाहीतर रात्री घरी जाऊन रडाल. आता सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते नळीलाच सांगत होते.

जोडायची वेळ आली तेव्हा त्यांचा डावा हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला. खिशात पांढऱ्या टेपचं रीळ होतं. आयुष्यात त्यांनी टेपशिवाय एकही जोड केला नव्हता. नटाच्या आट्यांवर घड्याळाच्या दिशेनं तीन फेरे, टोक अंगठ्यानं दाबायचं. हे त्यांनी बघितलंही नाही. हातांनी केलं, आणि थरथर न होता केलं.

रविवारी सकाळी हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल मारायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी पडून बारीक टोपणासारखा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर आतली हवा नळीतून बाटलीत येते. स्क्रू बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. बायको चप्पल काढून आत बसली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय."

"आता सोड."

"लग्नापासून पहिल्यांदा तुम्ही म्हणाल तेव्हा सोडतेय, हे लक्षात ठेवा," ती म्हणाली.

काका खालून हसल्याचा आवाज आला. मध्ये पत्रा होता आणि दोघांची तोंडं एकमेकांना दिसत नव्हती, म्हणून की काय, बोलणं घरातल्यापेक्षा सोपं जात होतं. बाटलीत बुडबुडे येत होते. ती मध्येच उतरून बॉनेटखालच्या ब्रेकच्या डबीत तेल भरायची, परत येऊन बसायची.

"मुलीकडचा तो नळ," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलात ना?"

खालून पाना स्क्रूवर बसल्याचा आवाज आला.

"जावयानं बोलावला होता माणूस. तिला घरी आल्यावर कळलं."

"दाब," काका म्हणाले.

तिनं दाबलं.

बुडबुडे थांबले. पेडल वरच कडक लागायला लागलं, तिनं तसं सांगितलं, आणि काकांनी तिला पाय तसाच जोरात रोवून ठेवायला सांगितलं. ते स्वतः बाहेर येऊन बसले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"जातंय," ती म्हणाली.

"काय जातंय?"

"खाली जातंय. अगदी हळू, पण जातंय."

काकांनी जोडाखाली वर्तमानपत्राचं पान सरकवलं. छोट्या जाहिरातींचं पान होतं. 'भाड्यानं देणे आहे'च्या रकान्यावर नाण्याएवढा डाग पडला आणि पसरत शेजारच्या रकान्यात गेला.

त्यांनी नट आणखी आवळला. नवं पान टाकलं. तेही ओलं झालं. मग त्यांनी जोड सोडवला, जुनी टेप काढली, नवी घातली, या वेळी जास्त फेरे, आणि पुन्हा जोडलं. पुन्हा हवा काढली. तिसरं पान पहिल्या दोन्हींपेक्षा लवकर भिजलं.

बायको गाडीतून उतरली. तिनं फाटकाकडे एकदा बघितलं, कोणी येतंय का म्हणून. मुलगी रविवारी दुपारी यायची. काकांच्या ते लक्षात आलं.

"गॅरेजला फोन करायचा तर कर," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा, मी करते."

ते खाली गेले, जोड उघडला, आणि नळीचं टोक उजेडात घेऊन बसले. घडवलेल्या तोंडावर, जिथे ते समोरच्या खाचेत बसतं नेमकं तिथे, टेपचा एक पांढरा धागा चेपून सपाट झाला होता. केसाएवढा. त्याच्या दोन्ही बाजूंनी तेलाची वाट पडलेली दिसत होती. त्यांनी खाचेत टॉर्च मारला. तिथेही एक तुकडा होता.

पाण्याच्या नळाला आटेच पाणी अडवतात, म्हणून आट्यांना टेप. इथे आट्यांचं काम फक्त ढकलायचं होतं. अडवायचं काम तोंडाचं, धातूवर धातू. मध्ये काही नको. दुकानदारानं तोंड कसं करायचं ते सांगितलं होतं, टेप लावू नका असं सांगितलं नव्हतं, कारण ब्रेकच्या नळीला टेप लावणारा माणूस त्याला कधी भेटलाच नसावा.

काकांनी अंगठ्याच्या नखानं तो धागा काढला आणि बायकोसमोर धरला.

"हा आडवा आला," ते म्हणाले. "मीच घातला. सवयीनं."

तिनं धागा पाहिला. तिच्या अंगावर दिवसभर असे धागे असायचे. तिनं तो त्यांच्या बोटावरून उचलून पदराला पुसला. "मग आता?"

"तोंड चेपलंय. कापून नवं करायचं. आणि आत एखादा तुकडा गेला असेल तर तो आधी बाहेर."

त्यांनी नळी सोडवून आतून तेल वाहू दिलं, ती पेडल मारत राहिली, तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन त्यांनी ते ताणून पाहिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पाहिलं. फडकं स्वच्छ येत राहिलं, तरी आणखी एकदा घेतलं. मग टोकाचा चेपलेला तुकडा कापला. नळी थोडी सैल सोडलेली होती म्हणून पुरली. शिकंज्यात टोक धरताना हात हलायला लागला. एकदा टोक तिरकं बसलं, त्यांनी सोडलं. दुसऱ्यांदाही तिरकं.

"जरा धर," ते म्हणाले.

बायकोनं उकिडवं बसून नळी धरली, जशी ती पडद्याची दांडी भिंतीवर खूण करताना धरायची, कोपर अंगाशी घट्ट. काकांनी स्क्रू फिरवला. टोक फुगलं, मग आत दुमडलं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग तिच्याकडे दिलं. ती म्हणाली, चांगलं आलंय, कुठे चुणी नाही.

जोड बसला, टेपशिवाय, आणि पुन्हा हवा काढून झाली. मधल्या वेळात मुलगी आली होती. पायरीवर बसून ती बघत राहिली. आईनं पाय रोवला, ती भिंतीकडे बघत राहिली आणि काही वेळानं म्हणाली की जागचं हलत नाही. काकांनी पान टाकलं आणि पालथ्या बादलीवर बसले. मुलीनं आत जाऊन चहा केला. तो पिऊन झाला, कप विसळून झाले, सावली पायरीवरून उतरून गाडीच्या चाकापर्यंत गेली. पान कोरडं. काकांनी ते तसंच राहू दिलं.

सोमवारी सकाळी ते अजून तिथेच होतं. काकांनी तळहात फिरवून पाहिलं. दवानं किंचित मऊ झालं होतं, डाग नव्हता. बायको पडदे आणि दांड्या मागे भरत होती. फाटक उघडता उघडता ते म्हणाले, "चौकात जातेच आहेस, तर गॅरेजवाल्याला एकदा दाखव."

ती दार धरून थांबली. लग्नानंतर काकांच्या सासरच्या एका माणसानं त्यांचा जोड दुसऱ्या नळवाल्याकडून तपासून घेतला होता, तर काका त्या घरी वर्षभर गेले नव्हते.

"कागद कोरडा आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. कपाटाच्या वेळीही होता."

तिनं मान हलवली आणि गाडी बाहेर काढली. फाटकापाशी एकदा ब्रेक दाबून पाहिला, गल्लीच्या टोकाला पुन्हा. मग उतार लागला. काका फाटकात उभे होते, पण आरशात ते वळणापर्यंतच दिसले. शुक्रवारी जिथे पेडल गेलं होतं त्या फुटपाथवर रबराचा काळा पट्टा अजून होता. तिथे आल्यावर तिनं मुद्दाम जोरात दाबला. मागच्या दांड्या एकमेकींवर आपटल्या आणि एक पडदा सीटवरून खाली घसरला. म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला. तिनं खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायला सांगितलं.

गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलली आणि दिवा घेऊन खाली फिरला. काय झालं होतं, कोणी केलं, हे त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तो मागच्या नळीवरून बोट फिरवत जोडापर्यंत गेला, बोट बघितलं, पँटला पुसलं आणि पुढे सरकला. पुढच्या डाव्या चाकापाशी थांबून त्यानं तिला बोलावलं.

"ही बघा. ही जुनीच आहे ना? हिलाही गंज धरलाय. आज गळत नाही, पण बदलून घ्या. ठेवून जा गाडी, संध्याकाळी देतो."

ती वाकून बघत होती. गंजाचे पापुद्रे तिलाही दिसले.

"नळी मिळेल तुमच्याकडे?" तिनं विचारलं. "आणि नट. घरी होईल."

दवाखान्यातले पडदे लावून ती दुपारनंतर घरी आली. काका पुढच्या खोलीत तिच्या टेबलाशी बसले होते, वर्तमानपत्र समोर, सकाळच्याच पानावर. तिनं गुंडाळलेली नळी कापडाच्या ढिगाऱ्यावर ठेवली. नट तिनं टाचण्यांच्या डबीत घातले होते, ते काढून दिले.

"पुढची डावी," ती म्हणाली. "गळत नाही अजून. पण गेल्यातच जमा आहे."

काकांनी नळीचं टोक चाचपलं. "गॅरेजवाला म्हणाला?"

"हो."

"आणि मागच्या नळीचं काय म्हणाला?"

"काही नाही."

"हात लावून बघितलं?"

"बोट फिरवलं. मग पँटला पुसलं."

"ओलं होतं बोट?"

"असतं तर बोलला असता."

काकांनी मान डोलावली. खिशातून पांढऱ्या टेपचं रीळ काढून त्यांनी तिच्या टेबलाच्या कडेला ठेवलं, आणि ऊन आहे तोवर अंगणात पुन्हा जॅक लावता येईल का, असं विचारलं. ती म्हणाली की आधी तिला जेवू द्यावं. नळी धरायला तिलाच यायचं होतं.